धावण्याचीही मात्रा असते



अलीकडे आपल्या चिकित्सालयांत एक नवा प्रश्न घेऊन लोक येऊ लागले आहेत. "डॉक्टर, मी धावायला सुरुवात करू का?" हा तो प्रश्न. विचारणारा बहुधा चाळिशी-पंचेचाळिशीचा असतो. दुकानाच्या गादीवर, कार्यालयातील खुर्चीवर किंवा गाडीच्या चाकामागे त्याची वीस वर्षे गेलेली असतात. पोट सुटलेले, मलप्रवृत्ती अनियमित, रात्रीचे जेवण उशिरा, आणि शाळा सुटल्यापासून बस पकडण्यापलीकडे तो कधी धावलेला नसतो.

ही लाट कोठून आली हे सांगणे अवघड नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, मुंबईची २००४ पासून, तर साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ पासून भरू लागली. आमच्या तळ्यासारख्या गावातील घराघरांतून मुंबईत नोकरीधंद्याला गेलेली माणसे आहेत. गणपतीला, शिमग्याला ती गावी येतात, तेव्हा पदक आणि छापील बनियनही बरोबर येते. ते पाहून बाजारपेठेतील चुलतभावालाही उत्साह चढतो. हा उत्साह मोलाचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचा अंदाज दिला आहे. अशा देशात कोणी स्वेच्छेने हालचाल करू म्हणत असेल, तर त्याला नाउमेद करण्याचा अधिकार वैद्याला नाही.

तरीही या प्रश्नाला आपल्याकडून मिळणारी उत्तरे समाधानकारक नाहीत. काही व्यवसायबंधू म्हणतात, "चाळिशीनंतर धावू नका, वात वाढेल, गुडघे जातील." दुसरे म्हणतात, "जरूर धावा, व्यायाम चांगलाच," आणि सोबत अश्वगंधा चूर्ण बांधून देतात. पहिल्या उत्तरात निषेध आहे, दुसऱ्यात प्रोत्साहन आहे. मात्रा दोन्हींत नाही. गुग्गुळाच्या गोळ्या देताना आपण वय, बल, अग्नी, काल व अनुपान पाहतो. धावणे सांगताना मात्र यांपैकी काहीच पाहत नाही. माझे मत असे आहे की धावणे हे औषधाप्रमाणेच मात्रेने द्यावयाचे कर्म आहे आणि ती मात्रा ठरविणे हे आपलेच काम आहे.

यासाठी नवे शास्त्र शोधावे लागत नाही. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही शीतकाळात व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असे सांगितले आहे. अर्धी शक्ती कशी ओळखावी हे सुश्रुताचार्य सांगतात: हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागतो, म्हणजे माणसाला तोंडाने श्वास घ्यावा लागतो. जाणत्या परंपरेने याच्या जोडीला कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर येणारा घाम आणि मुखशोष ही लक्षणेही मानली आहेत. आजचे व्यायामतज्ज्ञ नवख्याला सांगतात की धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग कमी करावा. दोन्ही कसोट्या श्वासाच्याच आहेत, आणि दोन्हींना घड्याळ किंवा यंत्र लागत नाही.

अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दी उद्भवतात हे आपण पाठ केलेले असते. परंतु हा निषेध अतिरेकाचा आहे, धावण्याचा नाही. धावण्यापासून परावृत्त करण्यासाठी त्याचा आधार घेणारे बंधू त्याच अध्यायात वर्णिलेले व्यायामाचे लाभ, म्हणजे लाघव, कर्मसामर्थ्य, दीप्त अग्नी आणि मेदाचा क्षय, सोयीस्करपणे विसरतात.

दुसरे सूत्र त्याहून महत्त्वाचे आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष कमी जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाचे विवेचन संपते न संपते तोच पादांशिक क्रम येतो. अहितकर सवय चतुर्थांशाने सोडावी आणि हितकर गोष्ट चतुर्थांशाने अंगी लावावी, असा तो क्रम. आपण तो पथ्यापथ्याच्या वेळी सांगतो, व्यसन सोडविताना सांगतो. पण बैठ्या माणसाला धावता करताना तो वापरत नाही. वास्तविक नवख्या धावकासाठी याहून नेमका उपदेश सापडणे कठीण. १९९६ साली जॉश क्लार्क या अमेरिकन गृहस्थाने धावण्याची सवय नसलेल्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला. तो पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही स्वीकारला. त्याची सुरुवात ६० सेकंद धावणे व ९० सेकंद चालणे अशी आलटून-पालटून, आठवड्यातून तीन दिवस अशी आहे. तत्त्व आपलेच आहे. त्याचे कोष्टक मात्र दुसऱ्याने केले.

येथे कोणी बारामतीच्या लता करे यांचे उदाहरण देईल. साठी ओलांडलेल्या या शेतमजूर बाई पतीच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी साडीत, अनवाणी धावल्या आणि बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावरील 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट २०२० साली आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. "त्या कसलाही सराव न करता धावल्या, मग मला काय होणार?" असे रुग्ण म्हणतो. त्याला सांगावे की त्यांचा सराव आयुष्यभराचा होता. शेतात राबणारे, मैलोगणती चालणारे शरीर स्पर्धेत नवखे असेल, पण श्रमात नवखे नव्हते. ग्रंथांतील 'बली' या शब्दाला ते पात्र होते. आपल्या गादीवरच्या रुग्णाला तो शब्द लागू नाही. म्हणून त्याची अर्धी शक्ती म्हणजे बलवानाची अर्धी शक्ती नव्हे, त्याच्या स्वतःच्या शक्तीची अर्धी होय.

प्रत्यक्षात मी पुढील क्रम सुचवितो. पहिले तीन-चार आठवडे केवळ जलद चालणे, रोज अर्धा तास. ते सुखाने जमल्यावर एक दिवसाआड वीस मिनिटांचा अवधी घ्यावा. त्यातील एक पाद, म्हणजे एकूण पाच मिनिटे, एकेका मिनिटाच्या तुकड्यांनी हळू धावावे. उरलेली पंधरा मिनिटे चालावे. हे दोन-तीन आठवडे टिकले की दोन पाद, मग तीन, मग पूर्ण वीस मिनिटे. प्रत्येक पायरीवर श्वासाची कसोटी लावावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांधे, टाचा व झोप यांची चौकशी करावी. त्रास असल्यास मागच्या पायरीवर परतावे. आहाराच्या बदलात ग्रंथाने दिवसांचे अंतर सांगितले आहे. येथे आठवड्यांचे हवे, कारण श्वास काही आठवड्यांत साथ देऊ लागतो, पण कंडरा, स्नायू आणि अस्थी यांना बळकट होण्यास महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या भाराच्या दुप्पट-तिप्पट आघात पायाला सोसावा लागतो. दुसऱ्या महिन्यात 'आता दम लागत नाही' म्हणून जो वेग वाढवितो, त्याचीच टाच आणि नडगी धरते.

आणखी एक पथ्य. वजन घटविण्याच्या ईर्ष्येने अनेकजण धावणे आणि उपवास एकाच दिवशी सुरू करतात. व्यायाम स्निग्ध आहार घेणाऱ्याला सांगितला आहे. लंघन व श्रम एकत्र आले की वातप्रकोपाला आमंत्रणच. अजीर्ण असता व्यायाम वर्ज्य आहे, हे रात्री अकराला जेवून पहाटे पाचला धावणाऱ्याला आवर्जून सांगावे. चरकाचार्यांनी ज्या गोष्टी सवयीच्या असल्या तरी अति करू नयेत म्हटले, त्यांत व्यायामाबरोबर जागरणही आहे. अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन, स्नान हा क्रम उत्तमच. मात्र तळपायांना तेल लावून लगेच बूट घातल्यास पाय आत घसरतो, म्हणून पादाभ्यंग आदल्या रात्री करावा.

आता परीक्षणाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. नाडी, प्रकृती व बल पाहून भागत नाही. रक्तदाब, रक्तशर्करा, घराण्यातील हृद्रोगाचा इतिहास आणि तंबाखू यांची विचारणा झालीच पाहिजे. चाळिशीपुढील मधुमेही, उच्च रक्तदाबाचा रुग्ण, धूम्रपान करणारा किंवा चढावर छातीत दाटल्यासारखे होणारा माणूस यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविल्याशिवाय धावण्याची अनुमती देऊ नये. यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही. मधुमेह्याच्या हृदयाची वेदना कधी कधी जाणवतच नाही, हे ध्यानात असू द्यावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर श्रमाने एकाएकी उतरू शकते. त्याने खिशात साखर ठेवावी आणि एकट्याने धावू नये. बीटा ब्लॉकर चालू असलेल्याच्या नाडीच्या गतीवरून श्रमाचा अंदाज फसतो. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णाला अनवाणी दूरवर चालण्यास सांगितले आहे. त्यातील चालण्याचे मर्म घ्यावे. पायाची संवेदना गेलेल्या मधुमेह्याला अनवाणी पाठविणे म्हणजे व्रणाला निमंत्रण होय.

औषधविक्रेते मित्रांना येथे विशेष विनंती आहे. रुग्ण वैद्याकडे येण्याआधी तुमच्या काउंटरवर येतो. "सकाळी धावलो, छातीत जळजळतेय, पित्ताचे काहीतरी द्या," असे म्हणणाऱ्याला अविपत्तिकर चूर्णाची डबी देऊन पाठवू नका. श्रमाने उठणारी आणि थांबल्यावर शमणारी जळजळ अम्लपित्त नसून हृदयाची असू शकते; जळजळ थांबतच नसेल, घाम फुटला असेल, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. गुडघा सुजलेला असताना वेदनाशामक घेऊन पुन्हा धावू पाहणाऱ्यालाही थांबवा. 'स्टॅमिना' वाढविणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्या दुकानात ठेवूच नका. त्यांत काय मिसळले आहे याची हमी कोणी देत नाही आणि बदनामी आयुर्वेदाची होते. अश्वगंधा, बलातैल यांचे स्थान आहे, पण ती पादांशिक क्रमाची जागा घेऊ शकत नाहीत.

कोकणाच्या हवामानाचाही विचार हवा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस कोसळत असतो, अग्नी मंद असतो, रस्ते निसरडे आणि अंधारे असतात. या काळात घरात सूर्यनमस्कार व उघडीप असेल तेव्हा चालणे पुरे. खरी सुरुवात दिवाळीनंतर, हेमंतात करावी. शिशिर-वसंतात पूर्ण पायरी गाठावी आणि चैत्र-वैशाखाच्या दमट उष्म्यात मात्रा पुन्हा उतरवावी. मुंबईची शर्यत जानेवारीत भरते. दिवाळीला ठरविलेल्या नवख्याला त्याच वर्षीची लांब शर्यत झेपणारी नाही, हे त्याला प्रेमाने पण ठामपणे सांगावे. तळ्यात सपाट जागा कमी. तळगडाकडची चढण किंवा इंदापूरकडे जाणारा डांबरी रस्ता नवख्यासाठी नाही. उतारावर गुडघ्यांना चढापेक्षा अधिक सोसावे लागते. शाळेचे मैदान हीच पहिल्या तीन महिन्यांची योग्य जागा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायामाची शिफारस केली. म्हणजे जो केवळ चालण्यावर थांबेल त्याचेही कल्याणच आहे. प्रत्येकाने मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर कापावेत असा कोणाचाच आग्रह नाही. परंतु ज्याला धावायचेच आहे त्याला आपण मार्ग दाखविला नाही, तर तो शेजाऱ्याचे पाहून धावेल आणि मात्रा चुकेल.

म्हणून संघटनेपुढे माझा प्रस्ताव आहे. परीक्षणाची प्रश्नावली, चार पादांचे कोष्टक आणि थांबण्याची लक्षणे असलेले एक पानी व्यायामपत्रक मराठीत तयार करावे. येत्या हेमंतापूर्वी ते प्रत्येक सभासदाच्या चिकित्सालयात आणि औषधालयात पोहोचावे. प्रत्येकाने आपल्या रुग्णांच्या नोंदी वर्षभर ठेवाव्यात आणि कोणाला लाभ झाला, कोण कोठे अडला, हे याच त्रैमासिकात मांडावे. दिनचर्येचा अध्याय आपण परीक्षेसाठी पाठ केला. आता रुग्ण स्वतः दारात येऊन त्याविषयी विचारतो आहे, तेव्हा त्याला नेमके, लेखी उत्तर मिळाले पाहिजे.