बॉनेट का बसेना?

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा यंदा नववीत गेला. आठवीत बरे गुण मिळाले म्हणून त्याच्या आईने पगारातून बाजूला काढलेल्या चौदाशे रुपयांचा एक खोका त्याला घेऊन दिला. खोक्यावर धुरळा उडवीत निघालेल्या जीपचे झोकदार चित्र, आणि आत करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीला, फांदीला कैऱ्या लागाव्यात तसे, शंभरावर सुटे भाग लटकलेले. भाग कापावयाचे, कागदावरच्या आकृतीप्रमाणे चिकटवावयाचे, रंग द्यावयाचा, की झाली जीप. मूळ गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाची. वाचक म्हणतील, चौदाशे रुपयांत पोराला बूट आले असते. आम्हीही तेच म्हणालो होतो. त्यावर बहिणीने जे उत्तर दिले ते येथे छापण्यासारखे नाही.

तीन आठवड्यांनी तिच्या घरी गेलो तेव्हा खोका खाटेखाली ढकललेला होता. जीपचे काय झाले असे विचारले तर पोरगा मान खाली घालून म्हणाला, "मामा, माझ्या हाताला काही जमत नाही. सगळे म्हणतात ते खरंच आहे."

सगळे म्हणतात म्हणजे कोण? तर आम्हीच. लहानपणी त्याने घड्याळ उघडले ते मिटले नाही, पंख्याचा रेग्युलेटर उघडला तो फिरला नाही. तेव्हापासून घरात त्याचे नाव 'मोडतोड खाते' पडले, आणि हे नाव ठेवणारे कोण हे वाचकांनी ओळखले असेलच. कौतुकाने ठेवलेले नाव पोराच्या मनात असे बसले असेल, हे आम्हाला त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते.

खोका ओढून जीप बाहेर काढली. चार चाकांपैकी तीन जमिनीवर आणि एक हवेत. बॉनेट समोरून बसलेले, पण मागे, काचेच्या पट्टीपाशी, उचललेले. तेथे नखाएवढी फट. ती फट पोराने रंगाच्या दुकानातून आणलेल्या पुट्टीने, म्हणजे गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात तिने, भरली होती. लांबी वाळून खाली बसली, त्याने पुन्हा भरली. ती घासता घासता शेजारची बिजागरीही घासून गेली. इतके करून बॉनेट वाकडे ते वाकडेच.

आम्ही पडलो कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम. कानस कधी हाती धरली नाही. पण ती लांबी पाहून आम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. ट्रायल बॅलन्स जुळत नाही, फरक साडेसातशेचा येतो, आणि साहेबांना तक्ता संध्याकाळी हवा असतो. अशा वेळी तो फरक 'सस्पेन्स खात्या'त टाकतात. तक्ता जुळतो, चूक तशीच राहते. पुढे कधीतरी ऑडिटर येतो. पोराच्या जीपवरची लांबी म्हणजे सस्पेन्स खाते होते. फरक दिसतो येथे, पण चूक कोणत्या पानावर आहे ती हुडकावयास नको काय?

एवढे बोलून आमची विद्या संपली. पुढचे काम आमच्या वडिलांचे. आप्पा सरकारी वाहनांच्या वर्कशॉपात फिटर होते, निवृत्त होऊन वीस वर्षे झाली. आम्ही जीप रुमालात बांधून घरी आणली, नातवालाही आणले. आप्पांनी चष्मा पुसला, जीप हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली आणि विचारले, "जाळीला पट्ट्या किती?"

नातवाने मोजल्या. उभ्या फटी नऊ.

"म्हणजे लष्करातली जुनी. हिचे बॉनेट सपाट पाहिजे. हे उंच का? इंजिन कोणते बसवलेस?"

येथे थोडी माहिती द्यावी लागेल. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत अशा सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. ठरलेला आराखडा विलीज-ओव्हरलँड या कंपनीचा, पण गरज एवढी मोठी की फोर्ड कंपनीलाही तोच आराखडा देऊन काम दिले. अट अशी की एका कारखान्याच्या गाडीचा भाग दुसऱ्याच्या गाडीला बसला पाहिजे. या लष्करी गाडीच्या जाळीला नऊ फटी. युद्धानंतर शेतकऱ्यांना व नागरिकांना विकावयाची जीप आली तिला सात. पुढे १९५३ साली विलीजने सीजे-३बी नावाची जीप काढली. तिच्यात जास्त ताकदीचे नवे इंजिन घातले, पण ते उंचीला इतके की सपाट बॉनेटखाली मावेना. मग कंपनीने सरळ बॉनेटच उंच केले. आपल्याकडे महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपा सुट्या भागांच्या पेट्यांतून आणून मुंबईत माझगावला जोडावयास १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली होती. ही उंच बॉनेटाची जीपही तिनेच पुढे अनेक वर्षे बनविली. कलेक्टर कचेरीबाहेर, पोलीस ठाण्यात, तमाशाच्या फडाबरोबर जी जीप आपण पाहिली ती बहुधा हीच. आप्पांचे आयुष्य तिच्याखाली आडवे पडून गेले. त्यामुळे बॉनेट उचललेले दिसताच त्यांचे लक्ष फटीकडे न जाता इंजिनाकडे गेले.

"पॅडची शाई आहे का रे?" आप्पांनी आम्हाला विचारले. कॉलनीच्या समितीचे शिक्के आमच्याकडेच असतात, त्याचे पॅड काढून दिले. वर्कशॉपात दोन पृष्ठभाग कोठे टेकतात हे पाहावयाचे तर एकाला निळा रंग लावून दुसरा त्यावर दाबतात. रंग उठेल तेथे उंचवटा. आप्पांनी लांबी ब्लेडने खरवडून बॉनेट मोकळे केले, इंजिनाच्या माथ्यावर काडीने शाई टेकविली, बॉनेट बसवून हलकेच दाबले आणि उलटे करून नातवापुढे धरले. आतल्या बाजूला निळा ठिपका उठला होता. बॉनेट काचेच्या पट्टीवर टेकण्याआधी इंजिनावर टेकत होते.

मग इंजिन का उंच झाले? ते अर्ध्या ब्लेडने चिकटीच्या रेषेत मागेपुढे करून, अर्धा तास खपून, सोडविले. खाली चासीच्या आडव्या पट्टीवर एक बारीक गोल चकतीसारखा उंचवटा होता आणि ऑइल चेंबर नेमके त्यावर बसत होते. आप्पांनी जुन्या पिशवीतून व्हर्निअर काढले. उंचवटा पाऊण मिलिमीटर. आम्ही लगेच गुणाकार केला, तेवढेच आम्हाला येते: पाऊण गुणिले पस्तीस, सव्वीस मिलिमीटर. खऱ्या जीपमध्ये इंजिनाखाली कोणी इंचभर जाडीची फळी सारून ठेवावी, असा तो प्रकार.

पोरगा बराच वेळ त्या चकतीकडे पाहत होता. मग म्हणाला, "म्हणजे हे खोक्यातूनच असं आलं होतं?"

आप्पा म्हणाले, "तू केलेस ते एवढेच, की न बसवून पाहता चिकटवलेस."

असे सदोष भाग येतात कसे, हे आम्ही नंतर वाचून काढले. पॉलिस्टायरीन नावाचे प्लॅस्टिक तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. थंड होताना ते किंचित आकसते. जेथे भाग जाड तेथे जास्त आकसते व वर खळगा पडतो. घाईने गरम असतानाच बाहेर काढला तर लांबट भाग पिळतो. साचा उघडल्यावर माल बाहेर ढकलण्यासाठी आत खिळ्या असतात, त्यांच्या टोकाच्या गोल खुणा भागावर राहतात. आमची चकती ती हीच. साचा झिजला की दोन अर्धांच्या मधून प्लॅस्टिक पाझरते व कडांना पातळ झालर येते. पोलादी साचा करावयास फार खर्च येतो, म्हणून एकदा केलेला साचा दशकानुदशके वापरतात, एका कंपनीकडून दुसरीकडे विकतात. खोक्यावरचे चित्र नवे, आतला साचा आजोबांच्या वयाचा, असे या व्यवसायात सर्रास चालते. आमचा खोका कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. भांडण लावावयाचे नाही.

या धंद्याच्या कथाही मौजेच्या आहेत. इंग्लंडातील एअरफिक्स कंपनी निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने १९३९ साली काढली. १९४९ साली तिला फर्ग्युसन ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती करण्याचे काम मिळाले, विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला दाखवावयाची म्हणून. कामगारांनी हाताने जोडून देणे महाग पडे. तेव्हा सुटे भागच दुकानात ठेवले, जोडणी गिऱ्हाइकाच्या गळ्यात! आणि १/३५ हे विचित्र माप कोठून आले? जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एक जर्मन रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटरी मावावी एवढा मोठा केला. पुढे मोजून पाहिले तर तो मूळच्या सुमारे १/३५ निघाला, आणि तेच माप जगभर रूढ झाले. त्याच कंपनीने १९७६ साली पोर्शे मोटारीची प्रतिकृती काढली, त्यासाठी खरी पोर्शे विकत घेऊन ती पूर्ण खोलून पाहिली. हे ऐकून आमच्या भाच्याच्या डोळ्यांत जी चमक आली, ती पाहून आमच्या बहिणीने घरातील घड्याळ वरच्या फळीवर ठेवले आहे.

दुरुस्तीला पुढचे तीन रविवार लागले. ज्या घरी असा खोका असेल त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने सांगतो.

चकती कानशीने उतरविली. कानस लहान हवी, घड्याळवाल्यांची असते तशी. हवेतल्या चाकाचे कारण चासी पिळलेली होती. ती बोटाला सोसेल त्याहून थोड्या जास्त गरम, पण उकळत्या नव्हे, पाण्यात धरली, मऊ झाल्यावर उलट्या अंगाने किंचित पिळली आणि तशीच धरून गार पाण्यात बुडविली. दोनदा करावे लागले. सपाटी पाहावयास आप्पांनी दाढीचा आरसा आडवा ठेवला. आरशावर चारही चाकांचे प्रतिबिंब चाकाला भिडले की झाले. कडा सरळ करण्यासाठी पॉलिशपेपर काचेवर चिकटवून भाग त्यावर फिरवावयाचा. पेपर हातात धरून घासले की कड गोल होते. पोराचे आधी तेच झाले होते.

चिकटविण्याआधी प्रत्येक जोड रबरबँड लावून कोरडा बसवून पाहावयाचा. आप्पांनी हा नियम इतक्या कडकपणे पाळावयास लावला की पहिल्या रविवारी चिकटीची बाटली उघडलीच नाही. चिकट म्हणजे झटपट सुकणारा गोंद नव्हे. त्याने हलवावयास वेळ मिळत नाही आणि भोवती पांढरी भुकटी उठते. प्लॅस्टिक विरघळवून सांधणारे पातळ द्रव वेगळे मिळते, ते कुंचल्याने फटीत सोडले की आपोआप आत ओढले जाते. खिडकी मात्र उघडी ठेवावी, वास उग्र असतो.

इतके करूनही मागच्या पत्र्याशी केसाएवढी फट राहिली. ती खरी फट, तिच्यामागे दुसरे कारण नव्हते. तेथे लांबी भरली नाही. भाग काढून उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या वर धरला, मऊ होताच दोन्हीकडून ओढला, त्याचा दोऱ्यासारखा तंतू झाला. तो फटीत बसवून द्रव लावला. प्लॅस्टिकचेच प्लॅस्टिक, आकसावयाची भीती नाही. घासून गेलेली बिजागरीही अशाच तंतूची केली. हे काम नातवाने एकट्याने केले. आप्पांचे हात आता कापतात, त्यांनी फक्त दिवा धरला.

चाकांमधले अंतरही आम्ही मोजले. मूळ गाडीत ते ८० इंच, म्हणजे प्रतिकृतीत ५८ मिलिमीटर हवे. आमचे भरले ५७. खऱ्या गाडीत पस्तीस मिलिमीटरची तूट. दुरुस्त करावयाचे तर चासी मधून कापावी लागली असती. आप्पा म्हणाले, "राहू दे. हे कोणाला दिसत नाही, आणि गाडी चालत्ये." हिशेबनीस म्हणून आम्हाला हे पटले नाही, पण आमचे मत कोणी विचारले नव्हते.

मध्ये एकदा आम्हीही कानस मागून घेतली. एक मडगार्ड घासावयास दिले होते. दोन मिनिटांनी आप्पांनी ते आमच्या हातातून काढून घेतले, बोट फिरविले आणि नातवाला म्हणाले, "याला मी कधी वर्कशॉपात येऊ दिले नाही. म्हणायचो, माझे हात काळे झाले तेवढे पुरेत, तू पेन धर." मग थोडे थांबून, "थोडे शिकवायला हवे होते." आम्ही काही बोललो नाही. मडगार्डची कड आम्ही गोल केलीच होती.

बॉनेट आता बसते. मुद्दाम चिकटविलेले नाही, उघडून इंजिन पाहता येते. रंग अजून व्हावयाचा आहे. आप्पांना पांढरा हवा, कारण त्यांच्या वर्कशॉपात येणाऱ्या जीपा पांढऱ्या असत. नातू म्हणतो, जाळीला नऊ फटी आहेत, ही लष्कराची, हिला हिरवाच पाहिजे. गेल्या रविवारी दोघेही हट्टाला पेटले होते. चहा दोनदा गार झाला.