ओझ्याचा इतिहास कोण लिहिणार?

सातारा-सांगलीचा इतिहास म्हटला की आपण प्रतिसरकारपाशी येऊन थांबतो. त्याचा अभिमान हवाच. पण याच मातीतली हजारो माणसे मुंबईच्या गोदीलगत, मशीद बंदर, दाणा बंदरच्या गोदामांत पोती वाहत होती. त्यांचे पान मात्र अजून कोरेच आहे.

पाटण, जावळी, शिराळा हे डोंगरी तालुके. शेती पावसाच्या भरवशावर, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. माझे आजोबा त्यांतलेच. डोक्यावर चुंबळ, हातात आकडा आणि मुकादम टेकवील ती मजुरी. आजारी पडले की गावची वाट! कारण आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे. 'हा माझा नोकर नव्हे' असे म्हणायला प्रत्येक व्यापारी मोकळा.

हा तिढा १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडवला. त्यासाठी मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींची संघटना बांधली, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. एक मालक सापडत नाही ना? मग साऱ्या बाजारालाच जबाबदार धरा, हे या कायद्याचे मर्म. शासन, मालक आणि कामगार यांचे मंडळ. त्याच्याकडे टोळीची नोंद. मजुरीवर व्यापाऱ्याने भरायची लेव्ही आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार. सांगलीच्या हळदीच्या पेठेतील हमालालाही याच कायद्याचा आधार आहे.

१९८१ पासून मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. तेथील माथाडी भवन ही आमच्या गावच्या माणसांची चावडीच. पण २५ सप्टेंबरला अण्णासाहेबांच्या जयंतीचा मेळावा भरला, तसबिरीला हार घातला, की आपले कर्तव्य संपते काय? २०२३ साली या कायद्यात बदल करणारे विधेयक विधिमंडळात आले, तेव्हा हमाल संघटना रस्त्यावर उतरल्या. आपल्यापैकी किती जणांना त्याचे कारण सांगता येईल?

मित्रहो, हा प्रश्न आजोबांच्या पिढीबरोबर संपलेला नाही. मोबाईलवरच्या मागणीप्रमाणे पाठीवर पिशवी घेऊन घरोघर जेवण पोचवणाऱ्या तरुणालाही कंपनी 'भागीदार' म्हणते, नोकर म्हणत नाही. जुनीच पळवाट, नवे नाव! तिच्यावरचा उपाय आपल्याच माणसांनी एकदा शोधून दाखवला आहे.

म्हणून माझे मत असे की, इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांनी मिळून हे काम हाती घ्यावे. सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येकाने एका निवृत्त माथाडीच्या आठवणी लिहून आणाव्यात. टोळीच्या वह्या, जुनी ओळखपत्रे पाहून त्यांची नोंद करावी. ही माणसे आता थकली आहेत. ती गेल्यावर कागद शोधत बसण्यात काय अर्थ?