पडौक: रंगासाठी नव्हे, गुणांसाठी

आयात लाकडाच्या वखारीत शिरल्यावर नजर सगळ्यात आधी पडौकवर जाते. नुकती रंधलेली फळी शेंदरी-लाल असते. उन्हात धरली तर जवळजवळ भगवी दिसते. ग्राहक तिथेच भुलतो, डिझायनर नमुन्याचा तुकडा घेऊन जातो आणि रंगावर काम ठरते. पुढे तोच ग्राहक विचारतो, ‘तो लाल रंग कुठे गेला?’ तेव्हा सुताराकडे उत्तर नसते. आमचे म्हणणे सरळ आहे. पडौक हे पहिल्या प्रतीचे लाकूड आहे, पण रंगाच्या भरवशावर विकण्याचे नाही.

आपण आफ्रिकन पडौक म्हणतो तो टेरोकार्पस सोयॉक्सी हा वृक्ष. नायजेरिया, कॅमेरून, गॅबॉन आणि दोन्ही काँगो हा त्याचा मुलूख. आपला बिबला, आंध्रातले रक्तचंदन आणि अंदमानचा पडौक हे सगळे याच प्रजातीगटातले, म्हणजे हे भाऊबंद आपल्याला परके नाहीत. ओल्या बिबल्याचे पिवळे डाग ज्याच्या हातांना लागले आहेत, त्याला या कुटुंबाचा स्वभाव ठाऊक आहे: लाकडात रंगद्रव्य ठासून भरलेले असते.

आफ्रिकेत या रंगद्रव्याला लाकडाइतकाच मान होता. काँगोतील कुबा लोक या कुळातल्या लाकडाची पूड पामतेलात कालवून अंगाला आणि कोरीव मूर्तींना लावत. तिला ‘टुकुला’ म्हणतात. तिचेच कोरीव गोळे अंत्यविधीला आलेल्यांना मृताची आठवण म्हणून दिले जात. पुढे युरोपातल्या रंगाऱ्यांनीही हे लाकूड कापड रंगवण्यासाठी मागवले. त्यांच्या लगेच लक्षात आले की हा रंग पाण्यात जेमतेम उतरतो, मद्यार्कात मात्र भराभर उतरतो.

आपल्या कारखान्यात नेमके हेच आडवे येते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश पडौकवर बोळ्याने चोळले, की बोळा लाल होतो. शेजारी मेपल किंवा शिवणीची पांढरट पट्टी जडवलेली असेल, तर ती गुलाबी होते आणि तो डाग लाकडाच्या छिद्रांत बसतो. म्हणून जडावाच्या कामात पांढऱ्या लाकडाला आधी सीलर लावून घ्यावा. पडौकवरचा पहिला हात तेलाचा द्यावा, नाहीतर पॉलिशचा अगदी पातळ फवारा मारावा. तिथे बोळा फिरवू नये. थिनरवर चालणाऱ्या कोणत्याही कोटाची चाचणी आधी वाया तुकड्यावर घ्यावी.

आता रंग उडण्याबद्दल. उजेडातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू या दोघांमुळे शेंदरी रंग आधी विटकरी, मग तपकिरी होतो. काही फळ्या जांभळट तपकिरीवर जातात. अतिनील किरण अडवणारे वार्निश वापरले आणि फर्निचर उन्हापासून दूर ठेवले तर हा बदल मंदावतो, पण थांबत नाही. हे ग्राहकाला नुसते सांगून पटत नाही, दाखवावे लागते. एका रंधलेल्या पट्टीवर अर्ध्या भागात काळा कागद घट्ट गुंडाळा आणि ती दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा. काही आठवड्यांनी कागद काढा. एकाच पट्टीवर आजचा रंग आणि उद्याचा रंग शेजारी शेजारी दिसतात. ही पट्टी प्रत्येक दुकानात असायला हवी. तो तपकिरी रंगही भारदस्त असतो. ज्याला तो आवडेल त्यानेच पडौक घ्यावा.

पडौकचे खरे बळ त्याच्या स्थिरतेत आहे. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत पडौक वर्षावलयांच्या दिशेने सुमारे ५.२ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने ३.३ टक्के आकसतो. सागाचे आकडे ५.३ आणि २.६ आहेत. सध्या सगळीकडे मागणी असलेल्या अमेरिकन व्हाइट ओकचा पहिला आकडा १०.५ आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा. कोकणात मे आणि जुलै यांच्यामध्ये लाकडातल्या ओलाव्यात पाच टक्क्यांचा फरक पडला असे धरू. वलयांच्या दिशेने कापलेली ३०० मिलिमीटर रुंदीची फळी पडौकची असेल तर साधारण अडीच मिलिमीटर हलेल, ओकची असेल तर पाचपेक्षा थोडी जास्त. पावसाळ्यात दार अडकणार की नाही, टेबलाच्या पृष्ठभागाला चीर जाणार की नाही, हे त्या अडीच मिलिमीटरवर ठरते.

स्थिरतेला कणखरपणाची जोड आहे. सुक्या पडौकचे वजन घनमीटरला सुमारे ७४५ किलो भरते, सागाचे साडेसहाशेच्या आसपास. कठीणपणात तो सागाच्या पावणेदोन पटींहून पुढे आहे. वाळवी आणि कुजणे या दोन्हींना त्याचा गाभा उत्तम तोंड देतो. मात्र सालीलगतच्या फिकट लाकडात हा गुण नसतो, म्हणून फळी निवडताना तो भाग वगळायला हवा. दाराच्या चौकटी, वर्दळीची जमीन, जिन्याच्या पायऱ्या, हत्यारांच्या मुठी आणि कातकाम ही त्याची हक्काची जागा. वाद्यांतही त्याला स्थान आहे. मारिंबाच्या सुरेल पट्ट्यांसाठी होंडुरास रोझवुड सर्वोत्तम मानतात. ते दुर्मीळ आणि महाग झाल्यावर निर्मात्यांनी पडौकचा आधार घेतला. काठीखाली स्वच्छ, लांबणारा नाद देणारी लाकडे फार थोडी आहेत.

काम करायला तो अवघड नाही. करवत आणि लेथवर चांगला चालतो, सरसही नीट धरतो. अडचण येते ती एकमेकांत गुंतलेल्या रेषांच्या फळीत. रंधा एका बाजूने गुळगुळीत जातो आणि वीतभर पुढे ढलप्या उचटतो. अशा वेळी पाते नुकते धार लावलेले असावे, काप बारीक घ्यावा आणि शेवटचा हात स्क्रेपरने द्यावा. पॉलिशपेपर जितका कमी, तितका भुसाही कमी.

भुशाबद्दल मात्र कळकळीने सांगायचे आहे. पडौकचा बारीक शेंदरी भुसा डोळे, त्वचा आणि श्वासनलिका यांना त्रास देतो; काही कारागिरांना त्याची ॲलर्जी जडते आणि मग ती सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाला, मग तो कोणत्याही लाकडाचा असो, माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या यादीत घातले. तोंडाला रुमाल बांधून हे भागत नाही. एन-९५ मास्क आणि यंत्राला जोडलेले भुसा ओढणारे पाइप हा कामाचा खर्च आहे. तो अंदाजपत्रकात धरा.

शेवटचा मुद्दा कागदपत्रांचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात झालेल्या ‘साइटीस’ (धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत आफ्रिकेतल्या सर्व टेरोकार्पस जाती परिशिष्ट दोनमध्ये घेण्यात आल्या. २०२३ पासून त्यांचे ओंडके, कापलेल्या फळ्या, व्हीनियर आणि प्लायवुड निर्यातदार देशाच्या परवान्याशिवाय सीमेबाहेर जाऊ शकत नाहीत. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही १ एप्रिल २०२३ पासून अशा जातींसाठी स्वतंत्र अनुसूची लागू आहे. गॅबॉनने तर २०१० मध्येच अख्खे ओंडके निर्यात करणे बंद केले. हे निर्बंध हवेतून आलेले नाहीत. याच कुळातल्या पश्चिम आफ्रिकेतल्या कोसो आणि झांबिया-काँगोतल्या मुकुला या झाडांची जी लूट झाली, ती पाहून ते आले आहेत. पडौकचा मोठा वृक्ष एका पिढीत तयार होत नाही. पाच-सात वर्षांत तोडून टाकायच्या दुकानाच्या सजावटीसाठी तो कापणे आम्हाला अयोग्य वाटते. तिथे रंगवलेले व्हीनियर पुरते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. यापुढे पडौक घेताना बिलावर नुसते ‘पडौक’ लिहून घेऊ नका. शास्त्रीय नाव, मूळ देश आणि साइटीस परवान्याचा क्रमांक मागा. वखारवाला ते देऊ शकत नसेल, तर माल सोडून द्या. आणि ग्राहकाला दर सांगताना त्याच कागदावर एक ओळ लिहा: हे लाकूड काही महिन्यांत तपकिरी होईल आणि अनेक वर्षे सरळ राहील.