ऊन हवं, हिरवळ नको
सिएटलमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम साडेआठ तासांचा, तोही बहुधा ढगांखाली. तिथली माणसं चार दिवस पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटाकडे धाव घेतात, त्याला चैन म्हणणं मला पटत नाही. ऊब घरातल्या हीटरनेही मिळते. मिळत नाही तो उजेड. जवळच्या जोशुआ ट्री उद्यानातल्या ग्रॅनाइटच्या खडकांवर दुपारी ऊन खात बसावं आणि रात्री पारा शून्याकडे घसरला की स्वेटर चढवावा, इतकं साधं हे सुख. पाण्याचा आक्षेप मात्र रास्त आहे: पाम स्प्रिंग्ज ज्यात वसलंय त्या कोचेला खोऱ्यात शंभराहून अधिक गोल्फ मैदानं आहेत आणि तिथे कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने आणावं लागतं. पण हा दोष वाळवंटातही हिरवळ मागणाऱ्यांचा. जरूर जा, उतरायला मात्र निवडुंगाचं अंगण असलेली जागा शोधा.