गर्दी थोपवणाऱ्या डोंगरावर गर्दी

पावसाळ्यातल्या रविवारी हरिहर गडाच्या पायऱ्यांवर खोळंबलेल्या रांगा एव्हाना सगळ्यांनी मोबाइलवर पाहिल्या आहेत. त्यावर दरवर्षी चर्चा होते ती कचऱ्याची, हुल्लडबाजीची आणि सेल्फीची. माणसे शिस्तीत वागली की सगळे सुरळीत होईल, असा तिचा सूर असतो. मला हे निदान अपुरे वाटते. पन्नास शिस्तशीर माणसांची बॅचसुद्धा या डोंगरांवर जास्तच आहे. पुण्या-मुंबईहून एका दिवसासाठी सह्याद्रीत जाणाऱ्या गटात पंधराच्या वर माणसे नसावीत, आणि त्याचे कारण डोंगराच्या घडणीतच आहे.

सह्याद्री ही ज्वालामुखीची करणी आहे हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो, कारण ज्वालामुखी म्हटले की डोळ्यांपुढे फुजीसारखा शंकू उभा राहतो. इथे तसे काही घडले नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत आला, पसरला, थिजला आणि त्याच्यावर पुढचा थर आला. झीज होऊनही हा खडक आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सगळे थर सारखे नाहीत. घट्ट बेसाल्ट सहजासहजी झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग आणि दोन थरांमधली तांबडी माती लवकर झिजते, तिथे उतार किंवा सपाटी तयार होते. कडा, सपाटी, पुन्हा कडा, अशी ही रचना. वर जायला वाट मिळते ती एखाद्या घळीतून किंवा नाळेतून. गड बांधणाऱ्यांनी नेमके हेच हेरले. निसर्गाने दिलेला कडा आणखी तासायचा, एकच अरुंद वाट ठेवायची, कातळात पायऱ्या कोरायच्या आणि दरवाजा वळणाआड लपवायचा, म्हणजे कितीही मोठी फौज आली तरी ती एकामागे एक अशीच वर येणार. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यातले 11 महाराष्ट्रातले आहेत. भूरूपाचा असा लष्करी उपयोग हे त्यांचे मोठे वैशिष्ट्य. जमाव अडवण्यासाठी केलेल्या वाटांवर आपण दर रविवारी जमाव सोडतो आणि वर चेंगराचेंगरीची वेळ आली की आश्चर्य करतो.

गडच कशाला, नदीकाठचीही तीच गत. तळेगावजवळच्या कुंडमळ्याला इंद्रायणीने कातळात कुंडे कोरली आहेत, तीच पाहायला लोक जातात. 15 जून 2025 रोजी तिथला जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण दगावले. पूल धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झालेले होते. पण पुढची शंभर माणसे पुलावर उभी दिसत असताना फलक कोण वाचतो? प्रशासनाकडे अशा वेळी एकच हत्यार असते, जमावबंदी. म्हणजे जूनपर्यंत सगळे मोकाट आणि जुलैत सरसकट कुलूप. या दोहोंच्या मधली वाट गटाच्या आकाराला मर्यादा घालण्याची आहे, आणि ती फारशी कुणी वापरून पाहिलेली नाही.

लहान गटाने आणखी एक गोष्ट साधते: जिथे गेलो ते दिसते. पन्नास जणांच्या रांगेत थांबता येत नाही, पुढच्याचे बोलणे मागच्याला ऐकू येत नाही. मग सहल धबधब्याखाली भिजून आणि मागवलेला नाश्ता खाऊन संपते. दहा-बारा जण असले की वाटाड्या कड्यातला तांबडा पट्टा दाखवू शकतो. तो पट्टा म्हणजे दोन लाव्हाप्रवाहांमधल्या काळात तयार झालेली आणि पुढच्या लाव्ह्याने भाजलेली जमीन. बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर साचलेली झिओलाइटची खनिजे हातात न घेता पाहता येतात (खिशात घालून आणायची नाहीत). निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कसे घडवले, हे काठावर बसून समजून घेता येते. आणि हे सगळे उत्तम दिसते ते पाऊस संपून गवत वाळल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, जेव्हा पावसाळ्याइतकी गर्दी नसते.

यावर पहिला आक्षेप येईल तो पैशांचा: लहान गट म्हणजे श्रीमंतांची सहल. पन्नास आसनी बसपेक्षा सतरा आसनी गाडीचा माणशी खर्च थोडा जास्त येतो, हे खरे. पण लहान गटाला अनेक ठिकाणी एसटीनेही जाता येते. पन्नास जणांना ते जमत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. पायथ्याच्या गावांत पिठलं-भाकरीच्या मोठ्या ऑर्डरींवर कितीतरी घरांचा पावसाळा निघतो. मात्र ही कमाई दोन-अडीच महिन्यांच्या शनिवार-रविवारची आणि चार-पाच प्रसिद्ध गडांपुरतीच. गावातलाच वाटाड्या सक्तीचा केला, तर आज शहरातल्या आयोजकाकडे राहणाऱ्या रकमेचा काही भाग वर्षभर गावात येईल. राहिला प्रश्न अंमलबजावणीचा. साताऱ्याजवळ कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाच्या पर्यटकांना मर्यादा असते, नोंदणी ऑनलाइन होते आणि व्यवस्था वनखात्याबरोबर आसपासच्या गावांतले लोकच पाहतात. तिथेही सुट्टीच्या दिवशी वाहनांची कोंडी होते, तक्रारी येतात. तरीही पठार तुडवले जात होते त्यापेक्षा परिस्थिती निश्चित बरी आहे. हरिहर आणि सांदण दरीपासून ही पद्धत सुरू करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तोवर एवढे करा. पुढच्या सहलीचे पैसे भरण्याआधी आयोजकाला बॅच किती जणांची आणि वाटाड्या कुठल्या गावचा, हे दोन प्रश्न विचारा. पहिल्याचे उत्तर पंधराच्या वर गेले किंवा दुसऱ्याला उत्तरच नसले, तर पैसे भरू नका.