घसा बसला म्हणजे प्रॅक्टिस झाली?

गॅदरिंगला आठ दिवस उरले की आपल्या हॉस्टेलमध्ये एक साथ येते. मेसच्या लायनीत निम्मी मंडळी खुणेनं भाजी मागायला लागतात. 'काय रे, आवाजाला काय झालं?' असं विचारलं तर उत्तर कुजबुजत येतं, पण त्या कुजबुजीत रुबाब केवढा! 'रात्री अडीचपर्यंत प्रॅक्टिस होती.' आणि ऐकणारे आपण आदरानं मान डोलावतो. घसा बसला, म्हणजे पोरानं जीव ओतला!

बॉलिंग टाकताना कुणाचा खांदा गेला तर त्याला आपण शाबासकी देत नाही. 'चुकीची अ‍ॅक्शन आहे' म्हणतो आणि डॉक्टरकडे नेतो. गळ्याला मात्र हा न्याय नाही.

मागच्या गॅदरिंगला आमच्या ग्रुप साँगमध्ये माझा रूम-पार्टनर लीडला होता. त्याची पट्टी काळी एक, खालचा आवाज भरदार. गाण्याचा कराओके ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत, म्हणजे त्याच्यासाठी चांगला तीन-चार सुरांनी वर. दोन बटणं दाबली असती तर ट्रॅक खाली आला असता. पण 'फील जातो' असं सगळ्यांचं मत पडलं. त्या सगळ्यांत मीही होतो, आणि सगळ्यात मोठ्यानं मीच बोललो होतो. पाच रात्री तो ओरडून वरचे सूर गाठत राहिला. कार्यक्रमात मुखडा छान झाला, अंतऱ्यात मात्र आवाजाऐवजी नुसती हवा आली. बाकीच्यांनी सांभाळून घेतलं, टाळ्याही पडल्या.

महिना झाला तरी घोगरेपणा जाईना, तेव्हा तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेला. मी सोबत होतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी दिसल्या. वारंवार एकमेकांवर आपटून आलेल्या, हाताला घट्टे पडतात तशा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, आवाजाचे व्यायाम शीक आणि काही महिने स्टेज विसर. पडद्याकडे बघताना माझ्या डोक्यात 'फील जातो' हे दोनच शब्द घुमत होते.

आपण इंजिनिअर होणार आहोत, तर साधं गणित करू. गाताना स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा एकमेकांवर आदळतात, तीच त्या सुराची फ्रिक्वेन्सी. चार मिनिटांच्या गाण्यात प्रत्यक्ष आवाज लावलेला वेळ दोन मिनिटं धरा आणि सरासरी फ्रिक्वेन्सी 200 हर्ट्झ. झाल्या 24,000 धडका. रात्रीत गाणं दहा वेळा घेतलं तर 2,40,000. आणि हे तंतू पुरुषांत जेमतेम दोन सेंटिमीटर लांब, बायकांत त्याहूनही आखूड. मेकॅनिकलवाल्यांना फटिग लोडिंग वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की स्टीलचा रॉड रात्रीत भरून निघत नाही, आपले तंतू बऱ्यापैकी भरून निघतात. पण त्यासाठी रात्र तर मिळायला हवी! ती आपण अडीचपर्यंत वापरतो.

डॉक्टरांनी सुचवलं म्हणून आम्ही दोघं शहरातल्या एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो. त्याला शिकायचं होतं आणि मला, खरं सांगायचं तर, अपराधी वाटत होतं. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या तासाला कुणाला गायलाच लावलं नाही. श्वास घ्या म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी छात्या फुगवल्या, खांदे कानाला टेकवले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'आता सोडा, आणि खांदे खालीच राहू द्या.'

'पोटातून गा' हा सल्ला आपण सगळे एकमेकांना देत असतो. पोटात हवा नसते, ती फुप्फुसातच असते. श्वास घेताना छातीखालचा श्वासपटल खाली सरकतो, म्हणून पोट पुढे येतं. गाताना तो श्वास एकदम सुटू न देता बरगड्या आणि पोटाच्या स्नायूंनी हळूहळू सोडायचा असतो. पोट आवळून जोर लावला की हवेचा दाब वाढतो, तंतू तो अडवायला आणखी घट्ट मिटतात, आणि गळ्यात कुस्ती सुरू होते. माझा पार्टनर नेमकं हेच करत होता. 'पोटातून, पोटातून' असं ओरडणारा विंगमध्ये उभा होता तोही मीच.

मग ओठ फुरफुरवत सूर लावायचा व्यायाम झाला. चाळीस माणसं ओठ फुरफुरवतायत म्हणजे बसस्टँडवर चाळीस स्कूटरी सुरू झाल्यासारखं वाटतं. त्यानंतर साध्या स्ट्रॉमधून गुणगुणणं. यामागचं कारण ऐकलं आणि माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. तोंडाकडची वाट अरुंद केली की आतल्या हवेचा दाब तंतूंच्या वरच्या बाजूनंही राहतो, त्यामुळे ते कमी जोरानं आदळतात आणि कमी कष्टात कंप पावतात. स्ट्रॉची किंमत एक रुपया. आपण खडीसाखर, लवंग आणि गळा बधिर करणाऱ्या गोळ्यांवर याहून जास्त उडवतो. गोळीनं तर दुखणं कळत नाही, म्हणून माणूस आणखी ओरडतो. पाण्याबद्दलही एक गैरसमज गेला. प्यालेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना थेट लागतच नाही. शरीरभर पोचून मग त्यांना ओलावा मिळतो. म्हणजे स्टेजवर जायच्या आधी घटाघटा पिण्यात अर्थ नाही, दिवसभर पीत राहायला हवं. वाफ मात्र थेट पोचते. (हीटरची कॉइल जप्त होते, हे मला माहीत आहे. मेसच्या काकांकडे गरम पाणी मागावं, ते देतात.)

हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे, आपल्या बुजुर्गांनी कुठं वर्कशॉप केली, असं आमच्या विंगमधल्या एकानं ऐकवलं. बुजुर्गांना गुरू होते, बाबा! वर्षानुवर्षं समोर बसवून, खर्जापासून घोटून घेणारे, चुकीचा जोर लागला की जागीच थांबवणारे. आपल्याकडे समोर लॅपटॉप असतो. आणि आपल्याकडे याचा विचार झाला नाही असंही नाही. कुमार गंधर्वांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर यांनी आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास केला. डॉ. अशोक रानडे यांनी गायक आणि नट दोघांच्या आवाज-जोपासनेवर काम केलं. खुद्द कुमारजींचं उदाहरण घ्या. क्षयामुळे काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. 1950 च्या दशकात ते परतले तेव्हा, श्वासाची मर्यादा ओळखून त्यांनी छोट्या छोट्या फेकींची गायकी घडवली. आहे त्या श्वासात गाणं बसवणं यात कमीपणा कसला? आणि पश्चिमेकडचंच म्हणाल, तर 1854 साली दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू बघणारा मान्वेल गार्सिया हा डॉक्टर नव्हता, गाणं शिकवणारा मास्तर होता.

पण कार्यशाळेचं मी नुसतं कौतुक करणार नाही. आम्ही चाळीस जण होतो. मॅडम कितीही चांगल्या असल्या तरी प्रत्येकाचा गळा त्यांनी ऐकला तो जेमतेम पाच मिनिटं. चाळीस गळ्यांना एकच व्यायाम सांगणं म्हणजे चाळीस जणांना एकाच नंबरचा चष्मा देणं. काही जाहिराती तर 'दोन दिवसांत रेंज दुप्पट' असंही सांगतात. असल्या जाहिरातीकडे पाठ फिरवावी. दोन दिवसांत गाणं येत नाही. दोन दिवसांत कळतं ते एवढंच, की दुखतंय तिथं थांबायचं, पट्टी आपल्या गळ्याची निवडायची आणि गाण्याआधी दहा मिनिटं आवाज तापवायचा. एवढं आम्हाला आधी कळलं असतं तर त्या गाठी आल्या नसत्या.

म्हणून कल्चरल कमिटीला माझी सूचना आहे. गॅदरिंगच्या साउंड सिस्टिमवर दरवर्षी जो खर्च होतो, त्यातला थोडा भाग काढून सहामाहीच्या सुरुवातीला कार्यशाळा घ्या. गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात नको, तेव्हा कुणी काही ऐकत नाही. पंधरा-पंधरांच्या तुकड्या करा, आणि दोन दिवस सलग घेण्यापेक्षा पंधरा-पंधरा दिवसांनी तीन बैठका घ्या, म्हणजे दुसऱ्या बैठकीला मॅडमना चुका तरी ऐकता येतील. शिवाय उरलेल्या साउंडच्या पैशांत स्टेजवर एक मॉनिटर स्पीकर गायकाच्या तोंडासमोर ठेवा. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्येच नोंदवून ठेवलंय. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून निम्मे जण ओरडतात, बेसूरही त्यामुळेच होतात.

सर-मॅडमनाही या बैठकांना बोलवावं. सत्तर पोरांच्या वर्गात, पंख्याच्या घरघरीवर मात करत दिवसाला चार-चार लेक्चर घेणारा गळा कुठल्याही लीड सिंगरपेक्षा जास्त राबतो, आणि आवाजाच्या तक्रारी शिक्षकांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. नाटकवाले, घोषणा देणारे आणि मॅचला बेंबीच्या देठापासून ओरडणारे हेही यायला हवेत. घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर मात्र कार्यशाळा नको, आधी डॉक्टर.

पार्टनर आता सकाळी दहा मिनिटं स्ट्रॉमधून गुणगुणतो. शेजारच्या खोलीतले भिंत बडवतात. मागच्या आठवड्यात त्यानं तेच गाणं स्वतःच्या पट्टीत, हळू आवाजात, एकदाच म्हटलं. फील गेला की नाही, हे मी त्याला सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. सेमिनार हॉलचं रजिस्टर मी बघून आलोय. पुढच्या टर्मचे पहिले तीन शनिवार दुपारी हॉल रिकामा आहे. अर्जावर वीस सह्या झाल्यात, अर्ज माझ्या खोलीत आहे.