कमिशनची वही कोणाच्या हाती?



हल्ली आपल्या वसाहतींत एक नवा धंदा शिरला आहे. कोणाचा मुलगा मिक्सर, पंखे, बूट यांची माहिती देणारे व्हिडिओ करतो. कोणी निवृत्त सहकारी पुस्तकांच्या शिफारशी लिहितो. खाली वस्तूची लिंक दिलेली असते. त्या लिंकवरून कोणी खरेदी केली, तर विकणारी कंपनी कमिशन देते. याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. ॲमेझॉनने आपला असा कार्यक्रम १९९६ साली सुरू केला. आज लहानमोठ्या असंख्य कंपन्या हेच करतात.

नोकरभरती आटली म्हणून तरुण पोरे या कामाकडे वळली, त्यांना आम्ही दोष देत नाही. आमचा सवाल एवढाच आहे की, या कमिशनचा हिशेब कोण लिहितो आणि तो तपासतो कोण?

हिशेब कुकीवर चालतो. गिऱ्हाइकाने लिंक दाबली की त्याच्या मोबाईलमधल्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवली जाते. तीच कुकी. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ साली ती प्रथम तयार केली. हे गिऱ्हाईक अमक्याच्या लिंकवरून आले, अशी नोंद त्या चिठ्ठीमुळे राहते. खरेदी झाली की ती चिठ्ठी पाहून कमिशन त्या नावावर मांडले जाते. चिठ्ठी हरवली तर काम केल्याचा पुरावाच उरत नाही.

आता यातली मेख पाहा. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात ही चिठ्ठी साधारण २४ तास चालते. पगारदार माणूस खरेदी कशी करतो हे आपल्याला सांगायला नको. पंचवीस तारखेला मिक्सर पाहतो, एक तारखेला पगार झाल्यावर घेतो. समजा मिक्सर ४,००० रुपयांचा आणि कमिशन ५ टक्के. मधल्या काळात त्याने वस्तू टोपलीत टाकून ठेवली नसेल, तर पोराचे २०० रुपये बुडाले. मोबाईलवर लिंक दाबली आणि खरेदी दुसऱ्याच संगणकावर केली, तरी बहुधा तोच प्रकार. वस्तू खपली, कंपनीला पैसे मिळाले, शिफारस करणाऱ्याच्या खात्यात शून्य.

दुसरी मेख शेवटच्या क्लिकची. बहुतेक ठिकाणी ज्याची लिंक शेवटी दाबली गेली, त्यालाच सगळे कमिशन मिळते. आपल्या भाषेत सांगायचे तर मुंबईहून निघालेली गाडी नागपूरला पोचली आणि वाटेत बदललेल्या सगळ्या ड्रायव्हरांचे मायलेज शेवटच्याच्या नावावर लागले! रेल्वेत असे कोणी केले असते तर लॉबीत काय झाले असते, ते सांगायची गरज नाही.

या नियमाने आयत्या बिळावरचे नागोबा तयार होतात. अमेरिकेत 'हनी' नावाचे कूपन शोधून देणारे साधन आहे. ते २०२० साली पेपाल कंपनीने ताब्यात घेतले. पैसे भरण्याच्या शेवटच्या क्षणी हे साधन दुसऱ्याची कुकी पुसून आपली बसवते, असा आरोप डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला आणि व्हिडिओ करणाऱ्यांनी कोर्टात दावे लावले. कंपनीने आरोप नाकारले. तिचा बचाव काय, तर आम्ही शेवटच्या क्लिकचा प्रचलित नियमच पाळतो! म्हणजे आमचा आक्षेप ज्या नियमावर आहे, तोच नियम यांची ढाल.

उलट बाजूही पाहा. खोट्या कुकी पेरून ई-बे कंपनीकडून कमिशन लाटल्याबद्दल अमेरिकेत २०१४ साली दोघांना तुरुंगवास झाला. फसवणूक केली, शिक्षा झाली, ठीकच झाले. पण कंपनी बुडाली की फौजदारी आणि राबणारा बुडाला की त्याने वकील शोधत फिरावे, हा कुठला न्याय?

काही जण म्हणतात, ब्राउझर आता कुकी अडवू लागले म्हणून कमिशन घटते. ॲपलच्या सफारीने २०१७ पासून आणि फायरफॉक्सने २०१९ पासून बंधने वाढवली, हे खरे. पण माणसाच्या मागे पाळत लावू नये, ही मागणी रास्तच आहे. पाळतीशिवाय हिशेब ठेवता येतो. प्रत्येकाला वेगळा कूपन क्रमांक देता येतो, विक्रीची नोंद कंपनीच्या संगणकावरून थेट पाठवता येते. मार्ग आहेत, दानत हवी.

आणखी काही जण म्हणतात, हा वरखर्चाचा पैसा आहे, मजुरी नव्हे. मग टपाल खात्यातील बांधवांनी सांगावे, महिला प्रधान योजनेतील एजंट भगिनींचे आवर्ती ठेवीवरचे ४ टक्के कमिशन ही मेहनतीची कमाई नाही काय? पण त्या भगिनीकडे स्वतः केलेली यादी असते, खातेदाराकडे पासबुक असते. नोंद दोघांच्या डोळ्यांसमोर असते. इथे मात्र वही एकट्या कंपनीकडे. दरही तिच्याच मर्जीचे. एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचे कमिशन ८ वरून ३ टक्के आणि किराण्यावरचे ५ वरून १ टक्का केले. नोटीस फक्त एका आठवड्याची. करारात तुम्ही 'स्वतंत्र कंत्राटदार', तेव्हा दाद मागणार कोणाकडे?

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रत्येक विक्रीची नोंद शिफारस करणाऱ्याला दिसली पाहिजे. कमिशन नाकारले तर कारण लेखी मिळाले पाहिजे. एकाहून अधिक जणांनी गिऱ्हाईक आणले असेल तर वाटणी झाली पाहिजे. दर बदलण्याआधी पुरेशी मुदत मिळाली पाहिजे. वेतन संहितेने मालकावर रजिस्टर ठेवण्याचे आणि पगारचिठ्ठी देण्याचे बंधन घातले आहे. तेवढाच हक्क कमिशनवर राबणाऱ्यालाही हवा.

तोवर आपल्या मुलांना एवढे सांगा. करार वाचा. चिठ्ठीची मुदत किती, ते पाहा. कोणत्या दिवशी किती जणांनी लिंक दाबली, किती कमिशन आले, हे स्वतःच्या वहीत लिहा. शंका आली की लेखी विचारा, एकट्याने नव्हे, दहा जणांनी मिळून.